वीज नसलेली जागा ‘फुल हुकअप’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मोटरहोम सहली विभाग

विषय: अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान, सप्टेंबरमधल्या चार रात्री. चुकीचं कॅम्पग्राउंड, चुकीची गाडीची लांबी आणि हेल्पलाइनवरून दिलेला बेकायदा सल्ला.

महोदय,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनशी पाचव्यांदा बोलणं झालं. यापुढे फोन नाही, जे काही असेल ते लेखी.

तुमच्या व्हाउचरवर छापलंय: ‘उद्यानाच्या आत, फुल हुकअप साइट, ४ रात्री’. खाली कॅम्पग्राउंडचं नाव आहे मॅडिसन. मॅडिसनला एकाही जागेवर हुकअप, म्हणजे गाडीला थेट लावायची जोडणी, नाही. वीज नाही, जागेपाशी पाण्याचा नळ नाही, सांडपाण्याची जोडणी नाही. यलोस्टोनच्या आत हे तिन्ही फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही (मोटरहोम) पार्कमध्ये मिळतं. कॅनियन, ब्रिज बे, ग्रँट व्हिलेज, कुठेही नाही. यलोस्टोनच्या मोटरहोम सहली विकणाऱ्या कंपनीला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवी. हुकअपच्या नावाखाली तुम्ही दर रात्रीमागे जादा पैसे लावलेत, ती ओळ बिलात वेगळी दिसते आहे.

बुकिंगच्या फॉर्मवर ‘विशेष गरजा’ या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं की आमच्यातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं. जागा निवडताना ही एकच अट होती. दृश्य, नदीकाठ, ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याचं अंतर हे सगळं त्यानंतर. मशीन रात्रभर चालायचं तर जागेवर वीज हवी, आणि उद्यानाच्या आत वीज म्हणजे फिशिंग ब्रिज. निवड तिथेच संपत होती.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्या प्रतिनिधीला मी विचारलं, मॅडिसनला रात्री मशीन कशावर चालवायचं? उत्तर आलं, “सर, गाडीत जनरेटर आहे ना, रात्रभर चालू ठेवा.” मी म्हटलं, तिथे जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालवता येतो. त्यावर, “नियम असतात हो सर, रात्री कोण बघायला येतंय?” मी पुन्हा विचारलं, तुम्ही मला नियम मोडायला सांगताय का? दोन मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आल्यावर, “सर, मग बॅटरीवर चालवा.” कोणती बॅटरी, किती अँपिअर-अवर, गाडीत इन्व्हर्टर आहे का, हे विचारलं तर, “ते गाडीवाले बघतील.” आणि शेवटी, आवाज जरा चढवून, “चार रात्रींचाच तर प्रश्न आहे सर, इतकं काय?”

इतकं काय, ते लिहून देतो. भाड्याच्या बऱ्याच मोटरहोममध्ये इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे १२० व्होल्ट करणारं यंत्र, नसतो. बाहेरची वीज किंवा जनरेटर नसेल तर भिंतीतले १२० व्होल्टचे सॉकेट मेलेले असतात, चालू राहतात फक्त १२ व्होल्टचे दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा. साधारण २०० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून खराब न होऊ देता निम्मेच, म्हणजे १००, वापरता येतात. हीटरचा पंखा चालू असताना आठेक अँपिअर ओढतो. मॅडिसन २,००० मीटरहून उंच आहे आणि सप्टेंबरमध्ये रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, म्हणजे तो पंखा रात्रीतला निम्मा वेळ तरी फिरणार. त्यावर मशीन, आणि त्यातलं पाणी गरम करणारं ह्युमिडिफायर चालू असलं तर विजेचा खप दुपटीच्या घरात जातो. पहाटेपर्यंत बॅटरी बसते आणि मग मशीनही बंद, हीटरही बंद. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसासाठी हा ‘चार रात्रींचाच प्रश्न’ नसतो. त्या प्रतिनिधीच्या घरी कुणाला हे मशीन लागत असतं तर तो असं बोलला असता का, हा प्रश्न मी तुम्हाला खरोखर विचारतो आहे.

यावर तुम्ही सुचवलेले दोन्ही पर्यायही चुकीचे आहेत. पहिला पर्याय, मोटरहोमऐवजी कापडी भिंतींचा, उघडून उभा करायचा ट्रेलर घ्या, म्हणजे फिशिंग ब्रिज मिळेल. फिशिंग ब्रिजला तंबू आणि कापडी ट्रेलर चालतच नाहीत. तो भाग अस्वलांच्या वावराचा आहे, म्हणून तिथे फक्त कडक भिंतींच्या गाड्या घेतात. दारावरूनच परत पाठवलं असतं. दुसरा पर्याय, ओल्ड फेथफुलच्या पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढा. उद्यानात ठरलेल्या कॅम्पसाइटबाहेर गाडीत रात्री झोपायला मनाई आहे, आणि वीज तिथेही नाहीच.

लांबीचंही तसंच. आरक्षणावर गाडी २५ फूट नोंदवली आहे. तुम्हीच दिलेली गाडी ३१ फूट आहे. लांबी बंपर ते बंपर, मागचा सायकल रॅक धरून सांगायची असते, कारण नोंदवलेल्या लांबीवरूनच जागा ठरते. २५ फुटांच्या जागेत ३१ फुटी गाडी रिव्हर्समध्ये घातली तर नाक रस्त्यावर राहतं, आणि तेवढी लांब जागा त्या दिवशी शिल्लक नसेल तर उभं राहायचं कुठे?

सांडपाण्याचा विचारही कुणी केलेला नाही. गाडीची ग्रे टाकी (आंघोळीचं आणि भांड्यांचं सांडपाणी साठवणारी) ११५ लिटरच्या आसपास. चौघांच्या आंघोळी आणि भांडी धरली तर दोन दिवसांत भरते. मॅडिसनला टाक्या रिकाम्या करायचं डम्प स्टेशन आहे, पण त्यासाठी स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकवलेला भाग) आत ओढून, सगळं सामान बांधून अख्खी गाडी हलवावी लागते. ज्याला ‘फुल हुकअप’ म्हणून पैसे घेतले त्याला हे करायला लावता येत नाही. पुन्हा सांगतो, हुकअपचे पैसे तुम्ही घेतलेले आहेत.

मला काय हवंय, ते क्रमाने.

फिशिंग ब्रिजला चारही रात्री, ३० अँपिअरची जागा, गाडीची लांबी ३१ फूट नोंदवून. तिथलं आरक्षण वर्षभराहून आधी खुलं होतं, त्यामुळे आज सलग रात्री मिळणं अवघड आहे हे मला कळतं. पण लोक बुकिंग रद्द करतात आणि त्या जागा परत सुटतात, म्हणून तुमच्या माणसाने रोज तपासायचं. ओल्ड फेथफुल तिथून साधारण ६० किलोमीटर पडतं, ते आम्हाला चालेल.

ते जमलं नाही तर वेस्ट यलोस्टोन गावातलं पूर्ण हुकअपचं खासगी आरव्ही पार्क. तिथून ओल्ड फेथफुल ४८ किलोमीटर आहे. सकाळी ८ च्या आत गेट ओलांडलं की दिवस हातात राहतो. शेजारच्या ग्रँड टेटन उद्यानातलं कोल्टर बे सुचवू नका. हुकअप तिथे आहेत, पण ओल्ड फेथफुलला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरहून जास्त होतात, तेही ७२ किलोमीटरच्या वेगमर्यादेत आणि रस्त्यावर गवे उभे राहिले तर त्यांच्या मर्जीने. ज्येष्ठांना रोज तेवढं बसवून नेणार नाही.

जागा कोणतीही असो, नवीन व्हाउचरवर जागेचा प्रकार, विजेचे अँपिअर आणि गाडीची लांबी छापील हवी. आणि आजच्या फोनबद्दल लेखी माफी.

तुमच्या कंपनीचं नाव आमच्या सोसायटीत मीच चार घरांना सुचवलं होतं. त्या चारही घरांना हे पत्र आजच पाठवतो आहे. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज जाईल. २०१९ च्या कायद्यानुसार तो मी राहतो त्या जिल्ह्यातच करता येतो, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची मला गरज नाही. व्हाउचर, बिल, ‘विशेष गरजा’ भरलेला फॉर्म आणि पाचही फोनच्या तारखा-वेळा सोबत जोडल्या आहेत.

उरलेल्या ४० टक्के रकमेचा हप्ता नवीन व्हाउचर हातात पडल्याशिवाय भरणार नाही.

तुमचा ग्राहक
(बुकिंग माझ्याच नावावर आहे)