अहवालातले पुढचे पानही छापा

मा. संपादक यांस,

महिला दिनाच्या पुरवणीत आयटी कंपन्यांमधल्या स्त्रियांच्या वाढत्या संख्येचे कौतुक वाचले. टीसीएसमध्ये सुमारे ३५ टक्के स्त्रिया आहेत, हे खरेच. पण कंपन्या आकडा सांगतात तो सगळ्यांचा मिळून. फ्रेशर्सच्या बॅचमध्ये मुली भरपूर असतात. टीम लीड, मॅनेजर, डिलिव्हरी हेड असे वर जाल तशा त्या दिसेनाशा होतात.

१९७४ साली टाटांच्या टेल्को या मोटार कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि पुण्यात नोकरी मिळवली. तेव्हा निदान भांडायला छापील ओळ होती! आमच्या प्रोजेक्टमध्ये ऑनसाइटची, म्हणजे परदेशी क्लायंटकडे जाऊन काम करण्याची, जागा निघाली, तेव्हा सर्वात अनुभवी मुलीचे नाव यादीतच नव्हते. कारण विचारले तर उत्तर आले, "बाळ लहान आहे तिचं, कशाला ओढाताण?" तिला कोणी विचारलेच नव्हते. बोलणारा गृहस्थ वाईट नाही, काळजीनेच बोलत होता, आणि पंचाईत हीच आहे. पुढच्या अप्रेझलमध्ये तिला शेरा मिळाला: क्लायंटसमोरचा अनुभव कमी.

कायदे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पण तो पगार सगळा कंपनीनेच द्यायचा, म्हणून लहान कंपन्या मुलाखतीतच "लग्नाचं काय ठरलंय?" असे विचारून हिशेब करून टाकतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आले पाहिजे, असेही कायदा सांगतो. आमच्या कंपनीचे 'टाय-अप'वाले पाळणाघर वाकडला आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून चारदा वाकडला जाऊन येणारी बाई कोणाला भेटली तर कळवा, तिचा सत्कार मी करीन.

टीसीएसच्याच २०२२-२३ च्या अहवालात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त असल्याचे म्हटले होते. घरून काम करण्याच्या काळात घरची घडी बदलली असावी, असा अंदाज एचआर प्रमुखांनी मांडला. असेल तसेही. पण संध्याकाळी साडेसहाला क्लायंट कॉल ठेवतो तो घरचा माणूस नव्हे.

विनंती एवढीच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना एक अहवाल सक्तीचा केला आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी कामावर परतल्या, परतल्यावर वर्षभर किती टिकल्या, स्त्री-पुरुषांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास बरोबर मधला) पगार किती, संचालक मंडळावर किती स्त्रिया, हे सारे त्यात द्यावे लागते. अहवाल वेबसाइटवर असतो, पण बातमीत येते ती फक्त एकूण टक्केवारी. पुण्यात ज्यांच्या शाखा आहेत, त्या कंपन्यांचे हे आकडे शेजारी शेजारी छापा. परदेशी कंपन्यांची इथली केंद्रे बाजारात सूचीबद्ध नसल्याने या नियमातून सुटतात. त्यांना आपल्या बातमीदाराने हेच प्रश्न विचारावेत आणि कोणी उत्तर दिले नाही, तेही छापावे. पुढच्या मार्चपर्यंत थांबायची गरज नाही, बहुतेक कंपन्यांचे अहवाल पावसाळ्याच्या सुमारास येतात.

आपली वाचक,
हिंजवडी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये. नोकरी अजून चालू आहे.)