आई, बाबा, करारावर सही केली आहे

प्रिय आई, बाबा,

जय भीम.

समोर बसून बोलायला गेलं की आई डोळ्याला पदर लावते, बाबा पेपर उघडतात आणि विषय तिथंच राहतो. म्हणून रात्रपाळीत लिहून काढते आहे. मुख्य गोष्ट आधी सांगते. जपानमधल्या वृद्धाश्रमाचं काम मी घेतलं आहे. करारावर सही झाली, व्हिसा आला की निघायचं.

जपानीचा क्लास सुरू केला तेव्हा "शिकून ठेवते, वाया थोडंच जाईल" असं मी म्हणायचे आणि तुम्ही मान डोलवायचे. कुठे चाललंय ते तिघांनाही कळत होतं. हा कामाचा व्हिसा जपाननं 2019 मध्ये सुरू केला. काळजीच्या कामाची परीक्षा वेगळी, भाषेची वेगळी, नुसत्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर नेत नाहीत. दोन्ही पास झाले तेव्हा पेढे तुम्हीच वाटले बाबा, आठवतं ना? एकूण पाच वर्षं राहता येतं. घरच्यांना सोबत नेता येत नाही, तेही लिहून टाकते, म्हणजे मागाहून कुणी दुसऱ्याकडून ऐकायला नको.

इथं नोकरी आहे, मान्य. पण आई, तुला माझा पगार माहीत आहे आणि घराचा हप्ताही. दादाचं जे झालं ते झालं, त्याच्याकडून आता काही मागायचं नाही असं आपण ठरवलंय. मग मागायचं कुणाकडून? शिवाय मला हे काम आवडतं. पैशासाठी जाते म्हणाले तर तुम्हाला वाईट वाटेल, आवडीनं जाते म्हणाले तर जास्त वाटेल. दोन्ही खरं आहे.

मागच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या म्हणे, स्वतःचे मायबाप सोडून जपानी म्हाताऱ्यांचं करायला चालली. त्यांना काही उत्तर देऊ नको आई. मी दिलंय मनातल्या मनात, बरंच लांब.

तू विचारलं होतंस, ती चित्रांसारखी जपानी अक्षरं डोक्यात राहतात कशी. अगं, निम्मं काम आपल्या बाराखडीनंच केलं. हिरागाना या त्यांच्या साध्या लिपीची मूळ अक्षरं 46. आ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को, पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम तिकडे संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्खूंमुळे गेला. हे कळल्यावर बाबांनी विहारात ज्याला-त्याला थांबवून सांगितलं. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. 'मिझु ओ नोमिमास', म्हणजे पाणी पिते. इंग्रजी शिकताना वाक्य उलटंपालटं करून जीव गेला होता, तो त्रास इथं नाही.

छळलं ते मोजणीनं. इची, नी, सान पाठ झालं म्हणून खूश होते, तर बाई म्हणाल्या, माणसं वेगळी मोजायची: हितोरी, फुतारी, सान्निन. छत्री-पेन्सिलीसारखं लांब काही असेल तर इप्पोन, निहोन, सान्बोन. ताट, कागद, चपटं असेल ते इचिमाई, निमाई. मी ओट्याशी उभी राहून घोकायचे आणि आई, तू तव्यावरून पोळी उतरवता उतरवता 'सान्माई' म्हणालीस, अगदी सहज. मी पाठ करून भांडी घासत होते. तुला वाटलं मला ऐकूच आलं नाही.

बाबांची कांजी, म्हणजे ती चित्रलिपी, वेगळीच. एक झाड काढलं की 'कि', दोन शेजारी काढली की 'हायाशी', म्हणजे झाडी, तीन काढली की 'मोरी', जंगल. "तीन झाडांत कसलं आलंय जंगल? यांच्या गार्डला एकदा पेंचला पाठवा." तीस वर्षं वनखात्यात काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

कामातली वाक्यं मात्र तुमच्यावरच पक्की झाली. 'दोको गा इताई देस् का', कुठं दुखतंय? आई पलंगावरून म्हणाली, "कुठं नाही ते विचार." गुडघा 'हिझा', कंबर 'कोशी', औषध 'कुसुरी'. कुणाला उठवून बसवायचं तर आधी 'ओकोशिमास ने' म्हणायचं, न सांगता अंगाला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी तुलाही सांगूनच उठवते, लक्षात आलं का?

भन्ते ससाई जपानहून आले आणि आपल्या नागपूरच्या इंदोऱ्याचेच झाले. त्यावर तू म्हणाली होतीस, त्यांच्या आईनं कसं काढलं असेल. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पण आई, तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हता. आणि मी परत येणार आहे.

माझी काळजी करू नका. राहायला खोली देतात, हीटर असतो, वर्ध्याची एक मुलगी सोबत आहे. भात तिकडे रोजचाच, थोडा चिकट, मला चालतो. सावजी मसाला घेतलाय, पाटोड्यांसाठी बेसन तिथं शोधीन. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझे साडेअकरा, तेव्हा फोन संध्याकाळी सहापर्यंत.

आता नीट ऐका. कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटन बंद, मग पाइप. दरवर्षी सांगते. बाबा, इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवायचं नाही आणि साखरेचे आकडे वहीत लिहायचे, मनानं नाही. मे महिन्यात अकरानंतर स्कूटर काढायची नाही. बर्डीला जायचं तर इंदोरा चौकातून मेट्रो धरा, आत गारही असतं. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, माझं नाव सांगून मागितला तरी नाही.

जायच्या आधी एका रविवारी तिघं कामठीला ड्रॅगन पॅलेसला जाऊ. डबा मी करते.

हे पत्र बाबांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून मी झोपणार आहे. वाचलं की लगेच उठवू नका, चारला मीच उठेन, मग काय बोलायचं ते बोला. रागावलात तरी चालेल, फक्त दोघं एकदम नका रागावू. आणि आई, सकाळची गोळी घेतल्याशिवाय हे दुसऱ्यांदा वाचायचं नाही.

तुमची,
बेबी