पोरांचं पोट साफ होत नाही म्हणून

रावेर, जि. जळगाव

चि. दिनेश यास,
अनेक आशीर्वाद.

धाकटीला चार दिवस शी झाली नाही आणि मोठा संडासला बसायला घाबरतो, असं तू फोनवर सांगितलंस. दोघांची कारणं वेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी धाकटी. आठव्या महिन्यात दिवस मोजू नकोस, शी कशी आहे ते बघ. अंगावरचं दूध पिणारं बाळ कधी पाच-सात दिवस शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि पोट फुगलेलं नसेल तर तो बद्धकोष्ठ नव्हे. बकरीच्या लेंड्यांसारखे कोरडे गोळे पडत असतील तर मात्र तो बद्धकोष्ठ.

वरचं अन्न सुरू झालं की हे बहुधा होतं, कारण आपण भरवतो ते बहुतेक चोथ्याविना असतं: तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, दुधात बुडवलेलं बिस्कीट, गाळून केलेलं नाचणीचं सत्त्व. त्याऐवजी सालीच्या मुगाच्या डाळीची मऊ खिचडी कर, त्यात गिलकं, दुधी किंवा पालक शिजवून घोटून घाल. फळांत पिकलेली पपई किंवा उकडून कुस्करलेलं नासपती दे. चार-पाच काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी बारीक वाटायच्या आणि गाळून दोन चमचे द्यायच्या. अख्खी मनुका देऊ नकोस, घशात अडकते. नासपतीत सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती आतड्यात पाणी ओढून आणते आणि शी मऊ होते.

आपल्याकडच्या केळीबद्दल लोक उगाच भांडतात. अर्धकच्च्या केळ्यात न पचणारं पिष्ट जास्त असतं, त्यानं काही पोरांना शी घट्ट होते. साल पिवळी होऊन काळे ठिपके आले की तेच केळं चालतं.

जेवणासोबत पाणी हवंच. सहा महिने ते वर्षभर दिवसाला १२० ते २४० मिली, वाटी-चमच्याने. डब्याचं दूध देत असाल तर आधी मोजलेलं पाणी, मग सपाट चमचा पावडर, डब्यावर लिहिल्याप्रमाणेच. पावडर दाबून भरली की दूध दाट होतं आणि शीही घट्ट होते. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम या जिवावरच्या विषबाधेचा धोका असतो. शेजारच्या कोणी साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ लावायला सांगितलं तर ऐकू नकोस, आतली नाजूक त्वचा भाजते, चिरते. गुटी आणि एरंडेलही नको.

आता मोठा. साडेतीन वर्षांच्या पोराला दिवसाला तीन मोठे पेले दूध म्हणजे फार झालं. ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नकोस. दुधानं पोट भरतं, मग भाकर, भाजी, वरण कुठे बसणार? दुधात चोथा अजिबात नाही, शिवाय जास्त दुधानं लोहही कमी पडतं. बाटली असेल तर आधी ती बंद कर.

त्याला दिवसाला सुमारे साडेआठ ग्रॅम चोथा पुरे, वयात ५ मिळव असा हिशोब धर. ३० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीच्या पिठाच्या छोट्या भाकरीतून ३ ग्रॅमच्या आसपास मिळतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दे, उडदामुळे चोथा आणखी वाढतो. सोबत मेथी, पोकळा किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, आणि बिया काढलेला पेरू. पण चोथा एकदम वाढवून पाणी तेवढंच ठेवलं, तर शी उलट घट्ट होते. वैशाखात घाम खूप जातो, तेव्हा ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवत जा.

पण मूळ दुखणं त्याच्या भीतीत आहे. एकदा घट्ट शीनं चीर पडली की पोर दुखेल म्हणून रोखून धरतं. रोखलं की मोठं आतडं पाणी शोषून घेतं, शी आणखी कडक होते, पुन्हा दुखतं. पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो तेव्हा तो जोर लावतोय असं वाटतं, खरं तर तो रोखतोय. चड्डीला पातळ डाग दिसले तर जुलाब समजू नकोस. साचलेल्या शीच्या बाजूनं पातळ झिरपतं. तेव्हा जुलाब थांबवायचं औषध उलटंच पडेल.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला पाच मिनिटं बसव, पायाखाली पाट दे म्हणजे गुडघे वर येतात. झालं नाही तर रागावू नकोस. एवढं साचल्यावर नुसत्या पेरूनं निघत नाही. बालरोगतज्ज्ञ शी मऊ करणारं औषध देतील, लॅक्ट्युलोजसारखं. ते महिन्या-दोन महिन्यांनी, शी नेमानं मऊ होऊ लागल्यावरही हळूहळूच कमी करायचं. आठवड्यात बंद केलं की पुन्हा मूळपदावर येतं, आणि आईबाप नेमकं तेच करतात.

पोट ताठ फुगलं, हिरवी उलटी झाली, वजन वाढेना किंवा शीतून रक्त आलं तर दवाखाना गाठ, थांबू नकोस. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. धाकटीचं तुला आठवत नसेल तर सूनबाईला विचार.

कळण्याचं पीठ येत्या रविवारी पाठवते.

तुझी आई