बाबा, ती रोजची गोळी आत्ताच चालू करू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, बाबांनी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक गोळीची पाकिटं आणून फडताळात ठेवलीत. औंदा थंडीभर रोज एक घ्यायची, म्हणजे खोकला उचल खाणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. फोनवर बाबा मला पुरतं बोलू देत नाहीत, म्हणून लिहिते.

बाबा, तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. जुनाट ब्राँकायटिसमध्ये वरचेवर दुखणं उसळणाऱ्यांना डॉक्टर अशी गोळी देतात. अमेरिकेत अकराशेवर रुग्णांना वर्षभर तपासलं. अर्ध्यांना रोज २५० मिलिग्रॅमची हीच गोळी दिली, बाकीच्यांना नुसती दिसायला तशी, आत औषध नसलेली. २०११ साली त्याचा निकाल छापून आला. गोळी घेणाऱ्यांचं दुखणं वर्षाला सरासरी १.४८ वेळा उसळलं, बाकीच्यांचं १.८३ वेळा. म्हणजे फायदा आहे, पण खोकला उठणारच नाही असं काही नाही. आणि त्यातल्या ज्यांचं बिडी-सिगरेट चालूच होतं, त्यांना फायदा दिसलाच नाही. हळद शिजवताना गड्यांबरोबर बसलं की तुमची एखादी होतेच, हे आई सांगते.

मला खरी काळजी तुमच्या डाव्या कानाची आहे. या गोळीनं काहींचं ऐकणं कमी होतं. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. हृदयाचे ठोकेही ती बिघडवू शकते, म्हणून आधी ईसीजी काढतात आणि बीपीच्या गोळ्यांसकट सगळी औषधं बघतात. बेडकाही तपासतात. त्यात क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले दुसरे जंतू निघाले आणि आपण एकटी हीच गोळी देत बसलो, तर ते जंतू तिला दाद देईनासे होतात. मग पुढचा इलाज फार अवघड. हे सगळं मेडिकलवाला काउंटरवरून कसं बघणार?

आणि तोंडानं ओढायचा तो औषधाचा पंप? आई म्हणते, तो कोनाड्यात धूळ खात पडलाय. बरं वाटलं की बंद, असं त्याचं नसतं. पंप नीट चालू असून, बिडी सुटलेली असूनही दुखणं पुन्हा पुन्हा उसळत असेल, तेव्हाच डॉक्टर या गोळीचा विचार करतात. त्याआधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायची, हळद पॉलिश करताना त्या ढोलापाशी उभं राहायचं नाही. नुसतं उपरणं बांधून तो पिवळा भुकटा थांबत नाही, संध्याकाळी तुमच्या रुमालावर मी बघितलाय.

आई, तुझंही सांगते. गॅस असताना अंघोळीचं पाणी अजून तुराट्या जाळून चुलीवर तापवतेस. तो धूर तुम्हा दोघांच्याही छातीत जातो. बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही चुलीच्या धुरानं हा आजार होतो. गिझरचे पैसे मी पाठवते, नाही म्हणू नकोस.

शनिवारी येते. सोमवारी नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ. जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रे, बीपीच्या गोळ्या आणि पंप एका पिशवीत काढून ठेव. बाबा, ती पाकिटंही त्यातच टाका, डॉक्टरांनी घ्या म्हटलं तर मीच रोज फोन करून आठवण करीन.

तुमची लेक