भाचा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला तर बसू द्या

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र होतं, की हल्लीची मुलं फोनमधून सुटली तर पुस्तकात अडकतात, त्यांचा भाचा लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात खुर्ची ओढून दोन तास वाचत बसला, स्टेजवर फोटोला पण आला नाही, वाचनाचं कौतुक ठीक आहे पण अशाने मुलं माणूसघाणी होतात वगैरे. मी ते पत्र तीनदा वाचलं. भाचा कसा आहे मला माहीत नाही, त्याला नुसता कंटाळा आला असेल, पण त्या खुर्चीवर मीही बसलेय म्हणून लिहितेय.

मी २३ वर्षांची, नौपाड्यात राहते, ऑटिस्टिक आहे, म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी, माणसांच्या बोलण्यातलं न बोललेलं कळायला आणि आवाज-गर्दी सोसायला मला जड जातं. हे मला विसाव्या वर्षी कळलं. त्याआधी माझ्यासाठी बरेच शब्द होते, आजीचा 'घुमी', आत्याचा 'शिष्ट', आणि शाळेचा 'हुशार आहे पण मिसळत नाही', हा तर प्रगतिपुस्तकावर दरवर्षी यायचा, फक्त बाईंचं अक्षर बदलायचं. मुलींचं बऱ्याचदा असंच होतं, गप्प बसलेली मुलगी म्हणजे गुणी मुलगी, तिला कोण कशाला डॉक्टरकडे नेतंय.

काकांना वाटतं पुस्तक म्हणजे माणसांपासून पळायची जागा. माझं उलट झालंय, मला माणसं पुस्तकातून कळली. पुस्तकात कोणी बोललं की पुढे लिहिलेलं असतं, 'ती खवचटपणे म्हणाली', 'तो ओशाळून हसला'. अहो केवढी सोय आहे ही! घरात असं कोणी लिहून देत नाही. आत्या दारातूनच म्हणायची, "या बाईसाहेब, झाली का सवड?" आणि मी खरंच सांगायचे की हो झाली, चारला क्लास सुटला. सगळे हसायचे आणि आपण काय विनोद केला ते मला कळायचं नाही. मग सातवीत मी एक दोनशे पानी वही घातली, डावीकडे पुस्तकातला शब्द आणि उजवीकडे आपल्यात असं कोण बोलतं ते. 'खवचटपणे'समोर आत्या, तीन वेळा, तारखेसकट. 'कावराबावरा'समोर बाबा, लाइट बिल हरवलं होतं तेव्हा. 'उपरोधाने' आणि 'खवचटपणे' यात फरक काय हे शोधण्यात एक अख्खा मे महिना गेला, अजून नीट कळलेलं नाही, तुमच्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. ती वही पुढे आत्याच्या हाती लागली, तो प्रसंग इथे लिहीत नाही.

दुसरं म्हणजे तेच तेच पुस्तक परत वाचणं. यावरून मला फार बोलणी बसली आहेत, "अगं वाचलंयस ना ते, शेवट माहितीये ना?" माहितीये म्हणूनच तर वाचते. दिवाळी पहाटेला तलावपाळीला आणि राम मारुती रोडवर काय गर्दी असते, काय डीजे असतो ते ठाणेकरांना सांगायला नको, माझ्या मैत्रिणी त्यासाठी महिनाभर आधी ड्रेस शिवून घेतात आणि माझ्या पोटात त्या आवाजानं अक्षरशः गोळा येतो. तिथून घरी आलं की मला असं काहीतरी हवं असतं ज्यात पुढच्या पानावर काय आहे ते मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना मी विश्वकोशाच्या नादी लागले होते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो उभा केला, पहिला खंड १९७६ सालचा, आता सगळा नेटवर पण आहे, पण मला तो जाडजूड खंड मांडीवर हवा असतो, वजनासकट. 'अ' झाला की 'आ' येणार म्हणजे येणारच. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ठाण्यात आहे, माझ्या पणजोबांच्याही आधीपासून, नुसतं तेवढं आठवलं तरी मला बरं वाटतं, का ते सांगता येणार नाही.

वाचताना मी डुलते. पुढेमागे, हळू, मला कळतही नाही. एका अभ्यासिकेत (नाव लिहीत नाही) मला सांगण्यात आलं की बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय, सरळ बसायचं असेल तर बसा. आवाज काही नव्हता हो. बालवाडीत पाढे म्हणताना सगळी पोरं डुलतात, भजनात म्हातारी माणसं डोळे मिटून डुलतात, त्यांना कोणी सरळ बसा म्हणत नाही. मी त्या दिवशी सरळ बसले आणि एक ओळ डोक्यात शिरली नाही, दुसऱ्या दिवसापासून जायचं बंद केलं.

विसाव्या वर्षी रिपोर्ट हातात आला. चार पानं, आणि दर दोन ओळींनी 'कमतरता'. आई रडली, बाबा कावरेबावरे (वहीत नोंद केली नाही, वही तोवर बंद केली होती). त्यानंतर दोन महिन्यांनी मला टेंपल ग्रँडिनचं 'थिंकिंग इन पिक्चर्स' मिळालं. ती अमेरिकेतली, प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणारी प्रोफेसर, स्वतः ऑटिस्टिक, आणि पुस्तक १९९५ चं. मी ते तलावपाळीच्या बाकावर बसून फोनवर डिक्शनरी उघडून वाचत होते. त्यात ती सांगते की तिला कोणी मिठी मारली की सहन व्हायचं नाही पण अंगावर दाब मात्र हवासा वाटायचा, मग मावशीच्या रँचवर गुरांना इंजेक्शन देताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा असतो तो बघितला, त्यात गुरं शांत होताना पाहिली, आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं.

मी पुस्तक मिटलं आणि उठून तलावाला एक फेरी मारली. लहानपणी मे महिन्यात आजोळी मी तीन गोधड्या अंगावर घेऊन झोपायचे. मे महिन्यात! मामा सगळ्यांना बोलावून दाखवायचा, बघा आमच्याकडे हिमालय आलाय. आजी मात्र काही न बोलता चौथी आणून टाकायची. मला कायम वाटत आलं की हा माझा येडेपणा आहे, कोणाला सांगू नये, आणि तिकडे एक बाई तेच यंत्रासकट पुस्तकात छापून मोकळी झाली होती. रिपोर्टमध्ये मला काय जमत नाही ते होतं, या पुस्तकात मी होते. तसं तिचं सगळं मला लागू नाही, ती चित्रांत विचार करते, मी शब्दांत करते, आणि सगळे ऑटिस्टिक चित्रांत विचार करत नाहीत हे नंतर तिनंच कबूल केलंय. तेही मला आवडलं.

आता खरी तक्रार. मराठीत मला जे वाचायला मिळालं ते आईवडिलांनी लिहिलेलं किंवा डॉक्टरांनी, चांगलंच आहे, पण त्यात मी कायम 'तो मुलगा' असते. पेपरात २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला पण तेच, डॉक्टर बोलतात, पालक बोलतात, फोटोत पाच वर्षांचं पोर रंगीत ठोकळे घेऊन, जसं काही आम्ही मोठे होतच नाही. आणि ऑटिस्टिकला मराठी शब्द 'स्वमग्न'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः' आहे म्हणून तसं भाषांतर झालं हे मला मान्य, पण ऐकायला वाटतं की बाई आरशासमोर बसून आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात आहे. कायद्यात जागा झाली, लायब्ररीत एक फळी होऊ शकते की. ऑटिस्टिक माणसांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं, मराठीत अनुवाद करून, ठाण्यात आणि नवी मुंबईत, लहान मुलांच्या विभागात नाही, मोठ्यांच्या. आणि पुढच्या २ एप्रिलला आमच्यापैकी कोणाला तरी लिहायला सांगा, मी वेळेत मजकूर देते, शब्दमर्यादा पण पाळते (आज पाळलेली नाही).

काकांना एवढंच, पुढच्या लग्नात भाच्याला स्टेजवर ओढू नका, त्याच्या शेजारी खुर्ची टाका आणि कितवं पान चाललंय विचारा. तो सांगेल. कदाचित सविस्तर सांगेल, म्हणून आधी जेवून घ्या.

एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. नाव छापू नये. ऑफिसात अजून सांगितलेलं नाहीये.