संकमधलं पाणी

पाचपाखाडी, ठाणे
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, फोनही केला नाही. राग मानला असशील तर तो रास्त आहे. आज लिहायला बसलो कारण बाथरूम फोडलंय, आणि आत जे निघालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं तर "मग आता गळणार नाही ना?" एवढाच प्रश्न येतो.

कोब्यात, म्हणजे लादीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या भरावात, पाणी साठलेलं होतं. लाद्या काढल्या, खालचा माल काढला आणि विटांचे तुकडे उपसायला लागलो. चारेक इंचांवर छिन्नी मारली की चपकन आवाज यायला लागला. नहाणीच्या कोपऱ्यात तळापर्यंत खड्डा केला तर दहा मिनिटांत तो आपोआप भरला. पाणी नितळ होतं, वर चुन्याची पांढरी साय. मगाने उपसलं ते दोन बादल्या भरलं. बाथरूम अकरा दिवस बंद होतं, आतला मेन कॉकही बंद. म्हणजे हे कालपरवाचं पाणी नव्हतंच.

आठवलं का? नळाची जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन आपण दोघांनी उपटली तो मे महिना. तू म्हणत होतास, संकच्या, म्हणजे स्लॅब खाली उतरवून केलेल्या बाथरूमखालच्या खड्ड्याच्या, तळातून एक स्पाउट, पाणी निघून जायला बारीक पाइप, बाहेर काढ. मी म्हणत होतो, वॉटरप्रूफिंग नीट केल्यावर पाणी तळाला जाईलच कसं? तू म्हणालास, "लादीखाली पाणी जातंच, ग्राउट कितीही भर. खाली वाट ठेवली नाहीस तर तू हौद बांधतोयस." आणि चहा न घेता तडक स्टेशन गाठलंस. सुध्या, तू बरोबर होतास. मी हौदच बांधला होता, आणि चांगला बांधला होता. तळाचा कोट आजही शाबूत आहे. म्हणून तर पाणी इतकी वर्षं राहिलं. शेवटी त्याने कच्ची जागा शोधली, बिडाच्या नहाणी ट्रॅपची कॉलर आणि काँक्रीट यांच्या मधली फट, आणि तिथून ते खालच्या काकूंच्या छतावर उतरलं.

निदान कसं केलं ते सांगतो, कारण प्लंबरने आधी सरळ नळाच्या लाइनवर बोट ठेवलं होतं. गिझरपासून सगळे पॉइंट बंद केले, हातपंपाने नळाच्या सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) लाइनला दहा किलोचा दाब दिला, रात्रभर काटा हलला नाही. लाइन निर्दोष सुटली. मग खाली गळतीच्या जागी वाटी ठेवायला लावली आणि काकूंकडून रोज मापाने मोजून घेतलं. बाथरूम बंद केलं त्या दिवशी 180 मिली, सहाव्या दिवशी 150, दहाव्या दिवशी 120. हा उतार बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दाबाची लाइन फुटली असती तर कॉक बंद केल्यावर धार लगेच तुटली असती. वापराचं पाणी असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबलं असतं. इतक्या सावकाश आटतं ते साठलेलं पाणी. निळीचं पाणी टाकूनही पाहिलं होतं, पण एवढ्या कोब्यातून रंग गाळून निघतो, खाली काहीच दिसलं नाही. रंग उतरला नाही म्हणून मजला निर्दोष असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नकोस.

माझी तब्येत ठीक. पाठ अधूनमधून बोलते, पट्टा लावला की गप्प होते.

आता खरी अडचण ऐक. स्पाउट काढायचा हे ठरलं, पण काढायचा कुठून? संक नऊ इंच खोल आहे, बाथरूम चार फूट बाय सात फूट. स्लॅब खाली उतरवलेला असल्यामुळे तळाच्या पातळीला डक्टच्या, म्हणजे सामाईक पाइपांच्या उभ्या पोकळीच्या, बाजूला विटांची भिंत नाहीच, तिथे बीम आहे. कंत्राटदार म्हणाला, कोअर कटिंगवाल्याला बोलावतो, दीड इंचाचं भोक आहे, बीमला काय होतंय. मी सरळ नाही म्हटलं. तिथे नेमकी रिंग, म्हणजे बीमच्या सळ्यांभोवतीची कडी, लागली आणि कापली गेली तर ती परत जोडता येत नाही, आणि सळ्या कुठे आहेत ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. दोन दिवस हाच विचार करत होतो. मग जुना बिडाचा पाइप काढल्यावर वाट तिथेच सापडली: बीम ओतताना ठेवलेलं सहा इंची भोक. त्यातून आता 75 मिमीचा पीव्हीसी जाणार. त्याच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, 32 मिमीचा स्पाउट आरामात बसतो. उरलेली जागा नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची. साधा माल आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी फट सोडतो, आणि मागच्या वेळचा घात तिथूनच झालाय.

पण त्या भोकाचा तळ स्लॅबपेक्षा दीड इंच वर आहे. ग्राउट धरून स्पाउटचं तोंड दोन इंचांवर येतं. म्हणजे त्याच्याखाली पुन्हा दोन इंचांचं डबकं राहणार. त्यावर उपाय एकच दिसतो: स्लॅबवर पहिला कोट मारायचा, त्यावर ढाळाचा थर, स्पाउटपाशी दोन इंच आणि दाराच्या टोकाला तीन. सात फुटांत एक इंच म्हणजे साधारण 1:84, पाणी पळायला पुरेसं. त्या थरावर परत पूर्ण कोट आणि तो कोट स्पाउटच्या तोंडात आतपर्यंत घ्यायचा. ढाळ लादीला द्यायचा की वॉटरप्रूफिंगला, यावर आपण नेरुळला तुझ्या मामांकडे रात्रभर भांडलो होतो. आता मी म्हणतो, दोन्हीला, पण आधी वॉटरप्रूफिंगला. लादीवरचं पाणी डोळ्यांना दिसतं. खालच्याला ढाळ नसेल तर ते कोणाला कळतही नाही.

स्पाउट मैलापाण्याच्या पाइपला जोडायचा नाही, हे तुझं म्हणणं पटलं. जोडला तर वास आणि झुरळं उलटी वर येतील, आणि तुंबलं तर घाण पाणी थेट संकमध्ये. तो डक्टमध्ये मोकळा सोडायचा, तोंडाशी खाली वळवलेला एल्बो आणि स्टीलची जाळी. थेंब पडताना दिसला पाहिजे, कारण वर काहीतरी बिघडलंय हे सांगणारा तोच. आतल्या तोंडाभोवती 20 मिमीची धुतलेली खडी, तिच्यावर नायलॉनची जाळी, आणि कोबा घालताना तोंडात चिंधीचा बोळा. सिमेंटची पातळ स्लरी एकदा आत गेली तर स्पाउट असून नसल्यासारखा.

सोसायटीचं मात्र अडलंय. उपविधीप्रमाणे बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाच्या खर्चाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीच्या, त्याबद्दल वाद नाही. पण डक्टमध्ये नवा पाइप काढायचा तर लेखी परवानगी हवी, आणि कमिटीला वाटतं की डक्टमध्ये ठिबकणारा पाइप म्हणजे नवी कटकट. मी आकृती काढून दिलीय. नीट काम झालं तर त्यातून काहीच ठिबकणार नाही, आणि ठिबकलंच तर खालच्या घराचं छत वाचवूनच ठिबकेल. मंगळवारी मीटिंग आहे.

एक वाईट बातमी अजून आहे. ट्रॅपजवळ स्लॅबच्या वरच्या अंगाची दोन बोटं काँक्रीट गंजाने फुगून सुटली होती. दोन सळ्या उघड्या पडल्या. वायर ब्रशने घासून व्हर्नियर लावला: 8 मिमीची सळी 7 वर आलेली. ऐकायला एकच मिलिमीटर, पण छेद मोजलास तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं. त्यांनी शेजारी नव्या 8च्या सळ्या बांधायला सांगितल्या, खराब भागाच्या दोन्ही बाजूंना 400 मिमी चढवून, म्हणजे व्यासाच्या पन्नासपट. सळीच्या खालूनही बोट फिरेल इतकं काँक्रीट फोडायचं, गंजरोधक कोट द्यायचा, बाँडिंग कोट ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर दाबून भरायचा. कंत्राटदार वरून नुसता गिलावा मारून मोकळा होणार होता. मागचा गंज आत तसाच ठेवून वर गिलावा मारला की दोन पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा सुटतो. याला मी काम म्हणत नाही.

कोटिंगचं तुला सांगायला नको, तरी या वेळी काय बदललं ते लिहितो. दोन भागांचा अ‍ॅक्रिलिक-सिमेंटवाला घेतलाय. कोपऱ्यांना आधी वाटा (मालाची गोलाई) मारायचा, त्यावर फायबरची जाळी पहिल्या कोटात बुडवायची. पृष्ठभाग ओलसर हवा पण वर पाणी चमकता कामा नये. कोरडा असला तर तो कोटमधलं पाणी शोषतो आणि कोट पावडरीसारखा उडतो. दुसरा कोट पहिल्याला काटकोनात. भिंतीवर सगळीकडे फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. कोट नीट वाळल्यावर, तीन दिवसांनी पाणी भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून, 48 तास.

आणि हे बघ, हे तुला आवडेल. पाणी भरल्यावर पातळी उतरते तेव्हा ते मुरलं की उडालं यावर नेहमी वाद होतो. म्हणून त्याच बाथरूममध्ये एक उथळ प्लास्टिकचा टब पाण्याने भरून ठेवायचा. दोन्हीकडे पेन्सिलीची रेघ. 48 तासांनी टबात 3 मिमी उतरलं आणि संकमध्येही 3, तर ते हवेने नेलं. संकमध्ये 8 उतरलं तर पाच मिमीचा हिशेब लागला पाहिजे. अठ्ठावीस चौरस फुटांवर पाच मिमी म्हणजे तेरा लिटर, असं सहज मिटवण्यासारखं नाही.

ट्रॅपच्या उभ्या पाइपला वरच्या स्क्रीडच्या (लादीखालच्या सिमेंटच्या थराच्या) पातळीवर 5 मिमीची सहा भोकं पाडणार आहे, म्हणजे लादीखाली उतरलेलं पाणी तिथूनच ट्रॅपमध्ये जाईल आणि स्पाउटपर्यंत फार थोडं पोचेल. भोकं ट्रॅपमधल्या पाण्याच्या वर असली पाहिजेत, नाहीतर 50 मिमीचं वॉटर सील (वास अडवणारं ट्रॅपमधलं पाणी) असून वास येईल.

आता तुझं मत हवं ते भरावाचं. तीन पर्याय आहेत आणि तिन्ही मला डाचतात. जुना कोबा 35 गोण्या निघाला, अंदाजे टनाच्या वर. तेवढंच वजन परत घालायचं तर ते स्लॅबने आजवर पेललंय, पण आता दोन सळ्या दुखावलेल्या आहेत. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचे) तुकडे घातले तर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, पण ते पाणी शोषतात आणि सोडत नाहीत. तिसरा तुझा आवडता, विटांच्या बुटक्या भिंतींवर कडप्पा आणि खाली पोकळी. हलका, कोरडा, पाणी सरळ स्पाउटकडे. पण आमचं वॉशिंग मशीन बाथरूममध्येच आहे, स्पिनला लागलं की भिंत थरथरते. ते पोकळीवर उभं करायला मन घेत नाही. मशीनखाली भरीव आणि बाकी पोकळ असं करावं का? मग भरीव आणि पोकळ यांच्या सांध्यावर लादी फुटेल, अशी मला भीती आहे. की त्या सांध्यावरच मुद्दाम एक्स्पान्शन जॉइंट ठेवून सिलिकॉन भरू? हे कागदावर काढून मला पाठव, तुझ्या त्या चौकटीच्या वहीत.

काकूंचं छत अजून ओलं आहे. त्यांना रंगाची घाई आहे, दिवाळी आली ना. मी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकलीय, आणि एक फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवलाय. चोवीस तासांनी त्याच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर स्लॅब अजून पाणी सोडतोय. काल दिसला. आता रंग मारला तर पापुद्रे निघतील आणि बोल मलाच बसेल. काकू मात्र फार समजूतदार, रोज वाटी मोजून वहीत आकडा लिहिला, एक दिवसही चुकल्या नाहीत.

आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं दिलीपकडून कळलं, मी विचारलंही नाही याची लाज वाटते. त्यांना नमस्कार सांग. निशाचं बारावीचं वर्ष ना? वहिनींची बदली झाली का? सविस्तर लिही. नाशिकला यायचं कामाचं आटोपल्यावर नक्की.

गवंडी शुक्रवारी येणार. गुरुवारपर्यंत भरावाचं कळव. आणि माझी लेव्हल ट्यूब, पाणी भरून पातळी बघायची नळी, तुझ्याकडे आहे, दहा मीटरवाली. नवी घेतली तर तू म्हणशील विश्वास नाही, म्हणून घेतलेली नाही. दिलीप बुधवारी येतोय, त्याच्याबरोबर दे.

तुझा,
मंद्या

ता. क. ट्रॅपची जाळी लादीच्या 3 मिमी खाली धरतोय. लादी 9, अ‍ॅडेसिव्ह 5. बेरीज एकदा तूही करून बघ.