चिंगीची शाळा आणि बाबांचं पेन

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तोवर मी निघालेली असेन. समोर बसूनच सांगणार होते. पण मी विषय काढला की आई डोळे पुसायला लागते, बाबा उठून बाहेर जातात आणि मुद्दा तसाच राहतो.

तर मुद्दा. माझं काम आणखी दोन वर्षं वाढलंय आणि मी होकार कळवून टाकलाय. म्हणजे चिंगी तुमच्याकडेच राहणार. ‘दोनच महिने सांभाळा’ म्हणाले होते ते मी विसरलेले नाही. तुम्ही त्याची आठवण करून देणार नाही, त्याचंच जास्त लागतं. तिला न्यायचा विचार केला नाही असं नाही. पण तिथे एकच खोली, मी दिवसाचे दहा तास बाहेर, आणि मांजर घराला धरून असतं. तिला आता खिडकीतलं ऊन सुद्धा कुठल्या वेळी कुठे येतं ते पाठ झालंय.

राहिला दादा. पहाटेच्या त्या प्रकारानंतर मांजर देऊन टाका म्हणून तो हटून बसलाय. बाबा, ‘काही नाही, जरा तोल गेला’ हे तुम्ही गच्चीच्या जिन्याच्या वेळीही म्हणाला होतात. पण चूक चिंगीचीही नाही. तुम्ही उठलात की वाटी भरते हे ती शिकली, म्हणून पायात येते. जे शिकली ते बदलून शिकवता येतं, एवढ्यासाठीच हे पंधरा दिवस मी तिची शाळा घेतली. तुम्हाला वाटलं, पोरगी खेळतेय.

आता ‘चिंगी, जागेवर’ म्हटलं की ती खुर्चीशेजारच्या हिरव्या सतरंजीवर जाऊन बसते. दहातल्या आठ वेळा. ती बसली की मगच तुम्ही उठायचं.

यासाठी तुमचं निळं बटणाचं पेन ढापलं होतं, त्याबद्दल माफी. पहिले दोन दिवस नुसतं टिक करायचे आणि तिच्याच खाण्यातला एक दाणा द्यायचे, बाकी काही मागायचं नाही. टिक म्हणजे दाणा, हे डोक्यात बसल्यावर बोट पुढे केलं. तिने नाक लावलं की टिक. मग ‘बस’. दाणा नाकासमोर धरून हळूच दोन्ही कानांच्या मधून मागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी टिक! दोन सेकंद उशीर झाला तर तोवर ती उठलेली असते आणि तिच्या हिशेबी बक्षीस उठण्याचं. हात फार उंच नेला तर मागच्या पायांवर उभी राहून पंजे मारते. आणि दाणा अगदी नाकाला भिडवू नका. वीतभराच्या आतलं मांजराला धड दिसत नाही, ती बिचारी मिशा पुढे करून चाचपडत बसते. पाठ दाबून तर कधीच बसवू नका.

बाबा, पाढे घेताना बरोबर आलं की तुम्ही असंच पेन वाजवायचात. सतराच्या पाढ्याला मी अडले की टिक बंद, आणि मी तुमच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. रागावला नाहीत कधी, नुसते थांबायचात. परवा चिंगी तशीच माझ्या अंगठ्याकडे बघत होती आणि मला पुढे काही सुचेना.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना कडीच्या खोक्यात ठेवून खाणं बाहेर ठेवलं होतं. आधी नुसती ओरबाडाओरबाडी, मग चुकून कडी निघायची. पण पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी होत गेला. ज्याने फायदा झाला ते मांजर पुन्हा करतं. ओरडून किंवा पाणी उडवून मात्र ते एवढंच शिकतं, की हा माणूस धोक्याचा.

आई, आता तुझ्याकडे वळते. ‘जा गं बाई, जा ना, जागेवर जा की’ असं नाही म्हणायचं. एकच शब्द, एकदाच. तुझ्या गुडघ्यांसाठी तिला ‘वर’ शिकवलंय. स्टुलावर थाप मारलीस की उडी मारून येते, ब्रश करायला वाकू नकोस. औषधासाठी तिला हाक मारून बोलवायचं नाही, आपण जाऊन उचलायचं, नाहीतर हाकेवरचा भरवसा उडेल. डॉक्टरांकडे न्यायची बास्केट कोपऱ्यात उघडीच राहू दे, आत तुझी जुनी साडी घातलीय, दुपारी ती तिथेच झोपते. कांदा-लसणाचं काही देऊ नकोस, तिच्या रक्ताला बाधतं. गोडाची तर तिला चवच कळत नाही, तेव्हा बाबांनी ‘तिच्यासाठी’ म्हणून गोड घेऊ नये.

दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. बसूनच घ्यायचं, दोघांनीही. शेपूट आपटायला लागली की शाळा सुटली. बाबा, रात्री दिवा चालू ठेवा आणि चष्मा लावल्याशिवाय पाय खाली टाकू नका. रागावते आहे असं वाटलं तर वाटू दे.

आणि आई, तिला ऐकू येतं. २०१९ मध्ये जपानच्या संशोधक आत्सुको साइतो यांनी तपासून दाखवलंय, मांजर आपलं नाव बाकीच्या शब्दांतून ओळखतं. यायचं की नाही, हा प्रश्न वेगळा.

पेनात नवीन रिफिल घातलीय. रविवारी फोन करीन तेव्हा बाबांनी एकदा टिक करून ऐकवायचं.

हे लिहिताना तिला दोनदा हाक मारली. आली नाही. डावा कान तेवढा वळला.

तुमची,
धाकटी